संगणक अडकला की हात कुठे ठेवायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी एका पतसंस्थेत हिशेब बघतो. वय चोपन्न. दिवसभर संगणकावरच काम असतं. पण तो जरा अडकला की माझं डोकं फिरतं. मी चार-पाच वेळा क्लिक करतो, मग तो जास्तच अडकतो, मग मी बटण दाबून बंद करतो. मुलगा म्हणतो, 'बाबा, जरा पेशन्स ठेवा.' हा पेशन्स आणायचा कुठून? आणि रोजच्या कुठल्या सवयी लावून घ्याव्यात?"

आधी तुमची बाजू घेतो. तालुक्याच्या गावात माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे, त्याआधी बरीच वर्षं टायपिंगचे आणि संगणकाचे क्लास घेतले. माऊस आपटणारे वकील पाहिलेत, कीबोर्डवर मूठ मारणारे डॉक्टर पाहिलेत, आणि चोवीस तास मोबाईलला चिकटलेली कॉलेजची पोरं तर सगळ्यांच्या आधी वैतागतात. तेव्हा वयाला बोल लावू नका. माणूस संगणकाच्या उत्तरासाठी किती थांबू शकतो, याचा विचार आयबीएम या संगणक कंपनीतल्या रॉबर्ट मिलर यांनी १९६८ सालीच केला होता. पुढे १९९३ मध्ये संगणक वापरायला सोपा कसा करावा याचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी तो तीन आकड्यांत बसवला. सेकंदाच्या दहाव्या भागात उत्तर आलं तर ते लगेच आल्यासारखं वाटतं. एका सेकंदापर्यंत विचाराचा धागा तुटत नाही. दहा सेकंदांच्या पुढे लक्ष उडतं. तुमचा संगणक एखाद्या खातेदाराचा उतारा उघडायला वीस सेकंद घेत असेल, समोर खातेदार उभा असेल आणि मागे आणखी चार जण, तर डोकं फिरणारच.

आता मुलाची बाजू. १९८५ मध्ये ब्रॅड मायर्स या संगणक संशोधकाने दाखवून दिलं की काम किती झालं ते सांगणारी पट्टी पडद्यावर असली की लोकांना ती हवीशी वाटते, वाट बघणं सुसह्य होतं. एसटी स्टँडवर बघा ना. गाडी तासभर लेट आहे असं कंट्रोलरने सांगितलं की माणूस निवांत चहा पिऊन येतो. काहीच सांगितलं नाही तर दहाव्या मिनिटाला खिडकीवर जाऊन भांडतो. तुमचं भांडण त्या दुसऱ्या प्रकारातलं आहे. संगणक काहीतरी करतोय, पण काय ते तुम्हाला दिसत नाही. दात-ओठ खाऊन गप्प बसण्याची सवय कुणाला लागत नाही, मलाही नाही. मात्र यंत्र आत्ता कशात गुंतलंय ते बघायची सवय लागते, आणि ती लागली की हात आपोआप थांबतो. पुढे जे सांगतोय ते सगळं त्यासाठीच.

क्लिकपासून सुरुवात करू. तुम्ही 'सेव्ह'वर क्लिक केलं आणि काहीच हललं नाही. तुम्हाला वाटतं क्लिक लागलंच नाही. खरं म्हणजे ते लागलेलं असतं, रांगेत जाऊन बसलेलं असतं. सॉफ्टवेअर दुसऱ्या कामात अडकलेलं असतं, मोकळं झालं की ते रांगेतलं एकेक क्लिक उचलतं. तोवर तुम्ही आणखी चार मारलेले असतात. मग एकच खिडकी पाच वेळा उघडते, किंवा मधल्या वेळात पडद्यावर 'डिलीट करायचं का?' असा प्रश्न आलेला असतो आणि तुमचं चौथं क्लिक नेमकं 'येस'वर पडतं. हा दुसरा प्रकार मला जास्त घातक वाटतो, कारण नोंद कुठे गेली ते नंतर कुणालाच सांगता येत नाही. प्रिंटचंही तेच. कागद अडकलेला, म्हणून प्रिंट निघत नाही, म्हणून आपण पुन्हा पुन्हा प्रिंट देतो, आणि शिपायाने कागद ओढून काढला की ठेव पावतीच्या सहा प्रती धडाधड बाहेर पडतात. प्रिंट निघाली नाही तर पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाशेजारच्या प्रिंटरच्या चित्रावर डबल क्लिक करा. रांगेत किती कामं उभी आहेत ते दिसेल. जादा असतील ती तिथेच रद्द करा.

खिडकी फिकट पडते आणि वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' लिहून येतं, त्याला घाबरू नका. विंडोजचा तो साधा नियम आहे: एखाद्या सॉफ्टवेअरने पाच सेकंद हाकेला ओ दिली नाही की विंडोज ती पाटी लावतं. ते मेलं असा त्याचा अर्थ नाही. मोठी फाईल वाचत असेल, नेटवर्कवरच्या बंद पडलेल्या प्रिंटरला शोधत असेल, किंवा दुसऱ्या खोलीतल्या मुख्य संगणकाकडून माहिती यायची असेल. अशा वेळी 'क्लोज' केलं तर अर्धवट लिहिलेली नोंद तशीच राहते, आणि हिशेबाच्या कामात अर्धवट नोंद म्हणजे संध्याकाळी ताळेबंद जुळत नाही म्हणून दोन तास बसणं.

मला फोन येतो, "भाऊ, हँग झालाय, या लवकर." मी निघायच्या आधी एकच विचारतो: कॅप्स लॉक दाबा, कीबोर्डवरचा दिवा लागतो-विझतो का? (बिनवायरच्या काही कीबोर्डांना हा दिवा नसतो, तिथे माऊसचा बाण हलतो का ते बघायचं.) दिवा लागत असेल तर संगणक जिवंत आहे, फक्त एक सॉफ्टवेअर रुतलंय. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबायची. टास्क मॅनेजर उघडतो, म्हणजे कुठलं सॉफ्टवेअर काय करतंय ते दाखवणारी खिडकी. खिडकी लहान उघडली तर खाली 'मोअर डिटेल्स' दाबायचं. वर चार आकडे दिसतात: सीपीयू, मेमरी, डिस्क, नेटवर्क. आकडे हलत असतील तर काम चालू आहे. त्या आकड्यांवर क्लिक केलं की सगळ्यात जास्त खाणारं नाव वर येतं. तिथे तुमच्याच हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं नाव असेल तर थांबा, ते तुमचंच काम करतंय. अँटिव्हायरसचं किंवा अपडेटचं नाव असेल तरी थांबा, पण आता निदान कुणावर चिडायचं ते तरी कळलं. दिवाही लागत नाही, बाणही हलत नाही, पाच मिनिटं झाली तरी काही फरक नाही, तेव्हाच पॉवरचं बटण दाबून धरा. चार-पाच सेकंद सलग धरावं लागतं, काही लॅपटॉपवर त्याहून जास्त.

आणि आता तुमच्या दुखण्याचं मूळ. ते बहुतेक डिस्कच्या रकान्यात सापडेल. सकाळी संगणक चालू केल्यावर डिस्क १०० टक्के दाखवत असेल, तर आत जुनी फिरती हार्ड डिस्क आहे असं नव्वद टक्के समजा. टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' पानावर डिस्कखाली एचडीडी (म्हणजे फिरती) किंवा एसएसडी (म्हणजे बिनफिरती) असं लिहिलेलंही असतं. फिरती डिस्क म्हणजे खरोखर फिरणारी तबकडी, आणि तिच्यावरून पुढे-मागे सरकणारा एक वाचक काटा. साधारण लॅपटॉपमधली तबकडी मिनिटाला ५४०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेरीला ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती काट्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी जाते, त्यात काटा सरकायचा वेळ वेगळा. हिशेब करा: वेगवेगळ्या ठिकाणची माहिती वाचायची असेल तर सेकंदाला साठ-सत्तर वेळा, फार तर ऐंशी. विंडोज सुरू होताना अशा हजारो छोट्या गोष्टी वाचतं. त्यातच तुम्ही एक्सेल उघडलं, ब्राऊझर उघडला, हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडलं, की काटा विंडोजसकट चौघांकडे आळीपाळीने पळतो आणि चौघंही रखडतात. एकेक उघडलं असतं तर तिन्ही आधी उघडली असती. घाईने वेळ वाढतो याचं याहून स्वच्छ गणित मला माहीत नाही.

एसएसडीत फिरणारं काही नसतं, तिथे हेच वाचन मिलिसेकंदाच्याही छोट्या भागात होतं. म्हणून माझा पहिला सल्ला संयमाचा नाहीच: संस्थेच्या चेअरमनना सांगून २५६ जीबीची एसएसडी बसवून घ्या, आणि मेमरी चार जीबी असेल तर आठ करा. जिथे पैशाने प्रश्न सुटतो तिथे माणसाने सोशिकपणा दाखवायची गरज नाही. ठराव मंजूर होईपर्यंत मात्र बाजारपेठेतल्या जुन्या दुकानदारांची रीत उचला. ते शटर वर केलं की आधी संगणकाचं बटण दाबतात, मग केर काढतात, गल्ल्याला उदबत्ती ओवाळतात आणि मग खुर्चीत बसतात. तोपर्यंत डिस्क शंभरावरून दहा-पंधरावर आलेली असते. त्याच टास्क मॅनेजरमध्ये 'स्टार्टअप' नावाचं पान आहे. तिथे आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टींची यादी असते. व्हिडिओ कॉलचं सॉफ्टवेअर, गाण्यांचं, कुठल्यातरी जुन्या प्रिंटरचं, असलं काही दिसलं तर 'डिसेबल' करा. ते काढून टाकलं जात नाही, फक्त सकाळच्या गर्दीत घुसत नाही. अँटिव्हायरसला हात लावू नका.

"पण मी तर रोज रात्री बंद करून जातो," असं तुम्ही म्हणाल. विंडोज ८ पासून यात एक गोम आहे. 'शट डाऊन' केल्यावर विंडोज आपला गाभा डिस्कवर जपून ठेवतं आणि सकाळी तोच उचलतं, लवकर सुरू व्हावं म्हणून. त्याला फास्ट स्टार्टअप म्हणतात. त्यामुळे आत साचलेला गोंधळ तसाच राहू शकतो. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावर 'अप टाइम' बघा, रोज बंद करूनही तिथे बारा-पंधरा दिवस दिसतील. 'रीस्टार्ट' केलं की मात्र सगळं खरोखर नव्याने सुरू होतं. आठवड्यातून एकदा, शनिवारी निघताना रीस्टार्ट करा, आणि तो पुन्हा वर आला की मग बंद करा. दुकानात आलेली कितीतरी मशिनं मी एवढ्यावरच परत पाठवतो आणि पैसे घेत नाही. (गिऱ्हाईक त्यामुळे नाराज होतं, ही वेगळी गंमत.)

पेन ड्राइव्हवर बॅकअप घेताना पट्टी ९९ टक्क्यांवर अडते, तेही वैतागाचं मोठं कारण. ती पट्टी म्हणजे अंदाज असतो. दोन जीबीचा एक व्हिडिओ झपकन जातो, पण तेवढ्याच वजनाच्या दहा हजार छोट्या फाईली रखडतात, कारण प्रत्येक फाईलची नाव-पत्त्याची नोंद वेगळी करावी लागते. त्यावर उपाय: हिशेबाच्या फोल्डरवर उजवं क्लिक करून आधी त्याची एक झिप फाईल (सगळ्या फाईलींचं एकच गाठोडं) करा आणि ती कॉपी करा. पट्टी संपल्यावरही पेन ड्राइव्हचा दिवा लुकलुकत असेल तर काढू नका, लिहिणं चालू आहे. घड्याळाशेजारच्या चित्रावरून 'इजेक्ट' करून, काढायला हरकत नाही असा निरोप आला की मगच काढा. आणि पेन ड्राइव्हवरची फाईल थेट उघडून तिच्यात काम करू नका. डेस्कटॉपवर घ्या, काम करा, परत टाका. सहकार खात्याच्या ऑडिटच्या आदल्या दिवशी बिघडलेले पेन ड्राइव्ह घेऊन येणारी माणसं दरवर्षी येतात, आणि त्यांच्याकडून एकच गोष्ट ऐकायला मिळते, की फक्त पटकन ओढून काढला होता.

बँकेच्या आणि सरकारी संकेतस्थळांवर घाईची शिक्षा लगेच मिळते. ओटीपीचं बघा. वीस सेकंदांत आला नाही म्हणून आपण 'रीसेंड' दाबतो. बहुतेक ठिकाणी नवा ओटीपी निघाला की जुना बाद होतो. मग आधीचा उशिरा येऊन पोचतो, आपण तोच घाईने टाकतो, 'चुकीचा ओटीपी'. पुन्हा रीसेंड, पुन्हा तेच, आणि शेवटी खातं काही वेळासाठी बंद. फोनवर दोन मेसेज असतील तर वेळ बघून नवा उचला. पैसे भरताना चक्र फिरत राहिलं तर मागे जाऊ नका, पान रिफ्रेश करू नका. बँकेचा मेसेज बघा, खात्यात रक्कम वजा झाली का बघा, मग ठरवा. लांबलचक अर्ज भरायचा असेल तर मजकूर आधी नोटपॅडमध्ये लिहून घ्या, फोटो-सही सांगितलेल्या आकारात (किती केबी ते बघून) करून एका फोल्डरमध्ये ठेवा. कारण अशा बऱ्याच साईट थोडा वेळ हालचाल दिसली नाही की तुम्हाला बाहेर काढतात आणि भरलेलं सगळं पुसलं जातं. शेवटच्या तारखेच्या रात्री बसू नका हे सांगायला नको, पण सगळे बसतात, म्हणून सांगतो.

काही ठिकाणी मात्र अजिबात थांबायचं नाही. हार्ड डिस्कमधून टक्-टक् असा ठेका यायला लागला तर 'बघू उद्या' म्हणू नका. त्या क्षणी महत्त्वाची फाईल दुसरीकडे घ्या आणि मशीन बंद करा, नंतरचं प्रत्येक मिनिट माहिती खातं. लॅपटॉपचा टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला तर खालची बॅटरी फुगली असण्याची दाट शक्यता, चार्जर काढा आणि वापर थांबवा. पडद्यावर मोठा भोंगा वाजून 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा' असं आलं, तर फोन करू नका, ब्राऊझर टास्क मॅनेजरमधून बंद करा. फोनवर कुणी "साहेब, लगेच करा, नाहीतर खातं बंद होईल" म्हणत स्क्रीन दाखवायला लावत असेल तर फोन ठेवा. त्यांचा धंदाच आपल्या घाईवर चालतो. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवा, तिथे उशीर परवडत नाही.

सेव्ह करण्याची सवय बोटांत बसवा. वर्ड दर दहा मिनिटांनी एक आपत्कालीन प्रत ठेवतं, पण लाईट नवव्या मिनिटाला गेली तर ती नऊ मिनिटं तुमची गेली. म्हणून खातेदार आला आणि मान वर करायची वेळ आली की त्याआधी कंट्रोल-एस. यूपीएस असेल तर त्याची बॅटरी अजून किती मिनिटं टिकते ते एकदा मुद्दाम, काम नसताना, प्लग काढून बघून ठेवा. सहा मिनिटं टिकते हे माहीत असलं की लाईट गेल्यावर धांदल होत नाही.

मराठी नोटिसा तुम्ही स्वतः टाइप करत असाल, तर एक सुचवतो. अजून उच्चारानुसार इंग्रजी अक्षरं ठोकून मराठी लिहीत असाल तर इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठीची प्रमाण कीबोर्ड मांडणी, शिका. स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. एफ आणि जे या बटणांवर जो बारीक उंचवटा असतो, तिथे ऱ्हस्व वेलांटी आणि र येतात. डी वर पाय मोडायचा, शिफ्ट धरून ५ दाबलं की ज्ञ, ७ दाबलं की क्ष. पहिले काही दिवस हात इतका जड चालतो की कीबोर्ड फेकावासा वाटतो, आणि नेमकं तेच तुमच्या कामाचं आहे. तिथे यंत्र झटपट चालतं आणि आपणच हळू असतो. क्लासमध्ये मी बघायचो, खाली न बघता टाइप करण्याचा हट्ट ज्यांनी धरला त्यांचा वेग आधी कमी आणि मग जास्त व्हायचा. चोरून खाली बघणारे तिथेच राहायचे. रोज वीस मिनिटं, एकच परिच्छेद.

मुलाचं काय करायचं? त्याला सांगा की शिकवताना माऊसला हात लावायचा नाही. हल्लीची पोरं मदत म्हणजे आपल्या हातातून माऊस घेऊन तीन सेकंदांत काम उरकणं असं समजतात. "झालं बाबा" म्हणून तो उठून जातो, तुम्हाला काहीच कळलेलं नसतं, आणि पुढच्या वेळी तुम्ही दुप्पट चिडता. त्याने फक्त तोंडाने सांगायचं, करायचं तुम्ही. एक शंभर पानी वही संगणकाशेजारी ठेवा, तुमच्या शब्दांत पायऱ्या लिहा. दोन पानं भरेपर्यंत त्याच्याच पेशन्सची परीक्षा होईल, ते बघायला मजा येते.

आणि दुरुस्तीवाल्याला बोलवायची वेळ आलीच तर "चालत नाही" एवढंच सांगू नका. पडद्यावर जो निरोप आला असेल त्याचा मोबाईलवर फोटो काढून पाठवा, 'ओके' दाबून घालवायच्या आधी. अगोदर काय करत होता, किती वाजले होते, कॅप्स लॉकचा दिवा लागत होता का, एवढंही लिहा. एवढी माहिती मिळाली तर तुमच्यापर्यंत यायला मला मोटारसायकल काढायची गरज बहुधा पडणार नाही.